चुकीचा फोटो, कोरे आयकॉन, अडखळणारा गेम: घरच्या संगणकातला ग्राफिक्स कॅशे कसा साफ करायचा

फोल्डरमध्ये लहान चित्र दिसते आजीचे आणि फोटो उघडला की निघतो बारशाचा. डेस्कटॉपवरचे दोन-तीन आयकॉन एकाएकी पांढरे पडतात. ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) अपडेट केल्यापासून गेम दर वळणावर क्षणभर गोठतो. तक्रारी तीन, आणि तिन्हींना ऐकायला मिळणारा सल्ला मात्र एकच: ‘कॅशे उडवून टाक.’ सल्ला चूक नाही, अर्धवट आहे. घरच्या संगणकात ग्राफिक्सचा कॅशे एका ठिकाणी नसतो. थंबनेलचा, म्हणजे फोल्डरमधल्या लहान चित्रांचा वेगळा, आयकॉनचा वेगळा, ग्राफिक्स कार्डाचा वेगळा, फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅमचा आणखी वेगळा. चुकीचा उडवला तर तक्रार जागच्या जागी राहते आणि संगणक दोन दिवस उगाच मंद चालतो.

कॅशे म्हणजे केलेले काम पुन्हा करायला लागू नये म्हणून बाजूला ठेवलेली प्रत. कणीक एकदा मळून ठेवली की दर पोळीला पीठ आणि पाणी घेऊन बसावे लागत नाही. कणीक आंबली तरच ती टाकून नवी मळायची, रोज सकाळी ‘स्वच्छता’ म्हणून नाही. संगणक वेगवान करण्याचे आश्वासन देऊन रोज कॅशे पुसणारी फुकट ॲप नेमके हेच करतात. पुसल्यावर प्रत्येक फोल्डर, प्रत्येक गेम पहिल्यांदा उघडताना आधीपेक्षा हळूच उघडणार, कारण ते सगळे काम पुन्हा करायचे आहे. कॅशे साफ करण्याची मुख्य कारणे दोनच: काहीतरी चुकीचे दिसते आहे, किंवा ड्राइव्हवर जागा उरलेली नाही.

पुढचे सगळे विंडोज १० आणि ११ साठी आहे. लिनक्सवाल्यांसाठी शेवटी थोडे.

आधीची तयारी

यातल्या बहुतेक फाइल्स ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. तो दिसण्यासाठी विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून शो, आणि त्यातून हिडन आयटम्स. विंडोज १० मध्ये वरच्या व्ह्यू टॅबवरच हिडन आयटम्सचा चौकोन आहे. मग सी ड्राइव्ह, यूजर्स, आपल्या नावाचा फोल्डर, ॲपडेटा असे आत जा. आत तीन फोल्डर दिसतील: लोकल, लोकललो आणि रोमिंग. आपले काम पहिल्या दोघांत आहे. रोमिंगमध्ये प्रोग्रॅमची सेटिंग्ज असतात, त्याला हात लावू नका.

सरळ लोकलमध्ये उतरायचे असेल तर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा. उघडलेल्या पट्टीत टक्क्याचे चिन्ह, मग लोकल आणि ॲपडेटा हे दोन शब्द जोडून, मग पुन्हा टक्क्याचे चिन्ह असे इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा.

काहीही उडवण्याआधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार बघून घ्या. जागेसाठी आला असाल आणि फोल्डर ८० एमबीचा निघाला, तर तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. आणि उडवताना शिफ्ट दाबून डिलीट करा. नुसते डिलीट केले की फाइल रीसायकल बिनमध्ये जाऊन बसते आणि ड्राइव्हवरची जागा तशीच अडलेली राहते. पण शिफ्टने उडवलेले बिनमधून परत आणता येत नाही, म्हणून आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते बघूनच बटण दाबा.

थंबनेल

विंडोज एक्सपीच्या काळात प्रत्येक फोटो-फोल्डरमध्ये थंब्स नावाची एक लपलेली डीबी फाइल तयार व्हायची. व्हिस्टापासून हा कारभार एका जागी आला: लोकलमध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात एक्सप्लोरर. इथे थंबकॅशे या नावाने सुरू होणाऱ्या अनेक फाइल्स दिसतील आणि बहुतेकींच्या शेवटी एक आकडा असेल: १६, ३२, ४८, ९६, २५६, ७६८, १२८० वगैरे. हे चित्राचे पिक्सेलमधले आकार आहेत. फोल्डर मीडियम आयकॉनवरून एक्स्ट्रा लार्जवर नेला की वेगळ्या फाइलमधून चित्र येते. एका आकारात फोटो बरोबर आणि दुसऱ्या आकारात चुकीचा दिसत असेल, तर दोष फोटोत नाही, याच कॅशेत आहे, याची ही झटपट परीक्षा.

साफ करण्याचा सोपा मार्ग सेटिंग्जमधून जातो: सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. यादी तयार व्हायला थोडा वेळ लागतो. ती आली की आधी सगळ्या खुणा काढा, फक्त थंबनेल्सवर ठेवा आणि वरचे रिमूव्ह फाइल्स दाबा. सगळ्या खुणा काढा असे मुद्दाम सांगतो आहोत, कारण याच यादीत रीसायकल बिन असतो आणि तुमचा डाउनलोड्स फोल्डरही असतो. डाउनलोड्स हा कॅशे नव्हे. लाइट बिल, आधारची पीडीएफ, मुलांचे निकाल असे सगळे बहुतेक घरांत तिथेच पडलेले असते. घाईत तिथे खूण केली की ते सगळे गेले.

कधीकधी हे करूनही जुनेच चित्र दिसते. कारण एक्सप्लोरर चालू असेपर्यंत त्याने या फाइल्स धरून ठेवलेल्या असतात, आणि धरलेली फाइल पुसता येत नाही. अशा वेळी हाताने करायचे ते असे:

१. वर सांगितलेला एक्सप्लोरर फोल्डर उघडा. वरच्या पत्त्याच्या पट्टीवर क्लिक करून तिथला मजकूर पुसा, सी एम डी ही तीन अक्षरे टाइप करा आणि एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल आणि ती आधीच योग्य फोल्डरमध्ये उभी असेल, लांबलचक पत्ता टाइप करायला नको.

२. उघडी कामे सेव्ह करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिटेल्स टॅबवर एक्सप्लोरर डॉट ईएक्सई शोधा, राइट क्लिक करून एंड टास्क. टास्कबार आणि डेस्कटॉप नाहीसे होतील. घाबरू नका, तेच अपेक्षित आहे.

३. काळ्या खिडकीत डी ई एल, मग एक स्पेस, मग थंबकॅशे हे फाइलचे नाव जसे दिसत होते तशीच पहिली दहा अक्षरे, आणि त्याला चिकटून ताऱ्याचे चिन्ह. एंटर.

४. टास्क मॅनेजरमध्ये रन न्यू टास्क दाबा, एक्सप्लोरर हा शब्द इंग्रजीत टाइप करा, एंटर. टास्कबार परत येईल.

तिसऱ्या पायरीला ‘फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमच्या वापरात आहे’ असा संदेश आला, तर डिटेल्समध्ये आणखी एक एक्सप्लोरर चालू आहे का ते बघा. फोल्डरच्या खिडक्या वेगळ्या प्रोसेसमध्ये उघडायचे सेटिंग चालू असले की दोन-दोन दिसतात. एखाद्या प्रोग्रॅमची फाइल उघडण्याची खिडकी उघडी असली तरी हेच होते. एखादी फाइल तरीही हटली नाही तर संगणक रीस्टार्ट करून पुन्हा करा.

थंबनेल मुळात दिसतच नसतील, सगळीकडे नुसती कोरी चिन्हे असतील, तर कॅशे उडवून उपयोग नाही. फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबवर ‘नेहमी आयकॉन दाखवा, थंबनेल कधीच नको’ अशा अर्थाच्या ओळीवर खूण आहे का बघा, असली तर काढा. फक्त आयफोनवरून आलेलेच फोटो कोरे दिसत असतील तर ते एचईआयसी प्रकारचे आहेत. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून हेइफ इमेज एक्स्टेन्शन्स घ्यावे लागते.

ती जुनी थंब्स फाइल अजून पूर्ण मेलेली नाही. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये, म्हणजे घरातल्या दुसऱ्या संगणकावर किंवा नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर), ती आजही तयार होते, आणि मग फोल्डर हलवायला गेलात की ‘फाइल उघडी आहे’ म्हणून अडवते. तो फोल्डर डिटेल्स व्ह्यूमध्ये टाका, बाहेर या, पुन्हा आत न जाता बाहेरूनच हलवा. बहुतेक वेळा सुटते.

अजून एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. मूळ फोटो डिलीट केला तरी त्याचे लहान चित्र या कॅशेत मागे राहू शकते. संगणक दुरुस्तीला द्यायचा असेल तर खाजगी फोटो काढून टाकल्यावर हा कॅशेही साफ करा. विकायचा असेल तर एवढ्यावर भागवू नका, रीसेट धिस पीसीमध्ये सगळे काढून ड्राइव्ह पुसण्याचा पर्याय घ्या.

आयकॉन

आयकॉनकॅशे नावाच्या फाइल्स त्याच एक्सप्लोरर फोल्डरमध्ये असतात. जागा नगण्य, त्यामुळे त्या उडवायच्या त्या फक्त आयकॉन कोरे किंवा भलतेच दिसू लागले तर. कृती वरचीच, फक्त तिसऱ्या पायरीत थंबकॅशेऐवजी आयकॉनकॅशेची पहिली नऊ अक्षरे आणि तारा.

त्याआधी आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला टार्गेट तपासा. प्रोग्रॅम काढून टाकला आणि शॉर्टकट मागे राहिला, तरी आयकॉन पांढराच दिसतो. तिथे शॉर्टकट डिलीट करणे हाच उपाय.

ग्राफिक्स कार्डाचा शेडर कॅशे

गेम खेळणाऱ्या घरात सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल असतात.

पाण्याची लकाकी, भिंतीवरची सावली, धूर हे पडद्यावर कसे रंगवायचे ते सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला शेडर म्हणतात. गेमबरोबर येणारा शेडर थेट तुमच्या कार्डावर चालत नाही. ड्रायव्हर त्याचे तुमच्या कार्डाच्या भाषेत रूपांतर करतो. हे काम प्रोसेसरवर होते आणि ऐन खेळात करावे लागले की चित्र क्षणभर थांबते. म्हणून रूपांतर झाले की ते डिस्कवर साठवले जाते. तोच शेडर कॅशे.

ड्रायव्हर बदलला की जुने रूपांतर चालत नाही, पुन्हा करावे लागते. म्हणजे ड्रायव्हर अपडेटनंतर पहिले काही तास गेम अडखळणे हे नैसर्गिक आहे. ‘अडखळतोय’ म्हणून तुम्ही कॅशे उडवलात, तर जेवढे रूपांतर नुकतेच झाले होते तेवढेही गेले आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. तोच रस्ता, तोच नकाशा दुसऱ्या-तिसऱ्यांदा खेळताना अडखळणे कमी होत असेल तर काहीही करू नका. तीन-चार दिवसांनीही त्याच जागी तसेच अडखळत असेल, पृष्ठभाग लुकलुकत असतील, भलत्या रंगाचे त्रिकोण चमकत असतील किंवा गेम सुरू होतानाच बंद पडत असेल, तर कॅशे उडवून बघण्यासारखे आहे.

पहिली पायरी सगळ्यांना सारखी: गेम, स्टीमसारखे लाँचर आणि ब्राउझर पूर्ण बंद करा. मग सेटिंग्जमधल्या त्याच टेम्पररी फाइल्सच्या यादीत डायरेक्टएक्स शेडर कॅशेवर खूण करून काढा. ही विंडोजची स्वतःची साठवण, लोकलमधल्या डी३डीएसकॅशे फोल्डरातली. अनेकजण इथेच थांबतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणतात, कारण कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरची साठवण वेगळीच असते आणि या खुणेने तिला धक्काही लागत नाही.

एनव्हिडियाचे कार्ड असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅनेज ३डी सेटिंग्ज, ग्लोबल सेटिंग्ज, शेडर कॅशे साइझ. ते डिसेबल्ड करून अप्लाय दाबा आणि संगणक रीस्टार्ट करा. आधी डिसेबल करायचे कारण असे, की कॅशे चालू असताना अनेक फाइल्स धरलेल्या राहतात आणि अर्ध्याच निघतात. रीस्टार्ट झाल्यावर लोकलमधल्या एनव्हिडिया फोल्डरातील डीएक्सकॅशे आणि जीएलकॅशे यांच्या आतले सगळे निवडून उडवा, बाहेरचे फोल्डर राहू द्या. मग लोकललोमध्ये एनव्हिडिया, त्यात पर-ड्रायव्हर-व्हर्जन, त्यात डीएक्सकॅशे असेल तर त्याच्याही आतले. अलीकडच्या ड्रायव्हरांची बहुतेक साठवण इथे असते, आणि जुन्या लेखांत हा पत्ता नसतो. ‘फाइल वापरात आहे’ असे आले तर स्किप करा.

यानंतरची पायरी विसरू नका: कंट्रोल पॅनेलमध्ये परत जाऊन साइझ ड्रायव्हर डिफॉल्टवर आणा. ती डिसेबल्डच राहिली तर प्रत्येक गेम कायमचा अडखळेल. मोठमोठे चार-पाच गेम आलटून पालटून खेळत असाल आणि जागा असेल तर १० जीबी ठेवा. मर्यादा भरली की जुन्या गेमचे रूपांतर बाहेर फेकले जाते, आणि महिन्याने त्या गेमकडे वळलात की पहिले पाढे पंचावन्न. अनलिमिटेड मात्र छोट्या एसएसडीवर नको.

एएमडीसाठी काम सोपे आहे. ॲड्रेनालिन सॉफ्टवेअरमधल्या ग्राफिक्स पानावर ॲडव्हान्स्ड भाग उघडा, त्यात रीसेट शेडर कॅशे आहे. परफॉर्म रीसेट दाबा, झाले. ते सॉफ्टवेअर टाकलेले नसेल तर लोकलमधल्या एएमडी फोल्डरात डीएक्सकॅशे, डीएक्ससीकॅशे, व्हीकेकॅशे अशी नावे दिसतील, त्यांच्या आतले हाताने काढा. इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर लोकललोमध्ये इंटेल, त्यात शेडरकॅशे.

स्टीमची आपली आणखी एक साठवण असते: स्टीमॲप्स फोल्डरातला शेडरकॅशे. आत फक्त आकड्यांच्या नावाचे फोल्डर दिसतात, प्रत्येक आकडा म्हणजे एका गेमचा क्रमांक. गेमच्या स्टोअर पानाच्या पत्त्यात तोच क्रमांक असतो, त्यावरून हवा तो एकच फोल्डर काढता येतो. स्टीमच्या डाउनलोड्स सेटिंगमधले क्लिअर डाउनलोड कॅशे हे बटण याच्याशी संबंधित नाही, ते अडकलेल्या डाउनलोडसाठी आहे.

सगळे झाल्यावर गेम सुरू केलात आणि पहिल्या पडद्यावर ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी आली, तर ती पूर्ण होऊ द्या. जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरवर हे काम चहा पिऊन होईल इतका वेळ घेऊ शकते. कंटाळून खेळ सुरू केलात की तेच काम ऐन लढाईत होईल.

जागा खरी कुठे अडते

सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून हे वाचत असाल तर थंबनेल आणि आयकॉन सोडून द्या, इथे बघा.

सी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर एनव्हिडिया किंवा एएमडी नावाचा फोल्डर आहे का? ड्रायव्हर बसवताना सेटअप आपले सामान तिथे उलगडतो आणि नंतर तसेच टाकून जातो. चार-पाच वर्षांचे अपडेट साचले की ते काही जीबी भरते. हा फोल्डर निर्धास्त उडवा. पण प्रोग्रॅम फाइल्समधल्या एनव्हिडिया कॉर्पोरेशनच्या आतला इन्स्टॉलर२ उडवू नका, ड्रायव्हर काढताना किंवा दुरुस्त करताना तो लागतो. सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हरस्टोअरलाही हाताने शिवू नका. जुने ड्रायव्हर काढायचे असतील तर डिस्क क्लीनअप उघडून क्लीन अप सिस्टम फाइल्स दाबा, तिथे डिव्हाइस ड्रायव्हर पॅकेजेस असा पर्याय मिळतो.

लग्नाचे अल्बम, बॅनर असली कामे घरच्या संगणकावर करणाऱ्यांकडे खरा डोंगर असतो तो फोटोशॉपच्या स्क्रॅच फाइल्सचा. रॅम पुरेना की फोटोशॉप डिस्कवर जागा घेतो आणि बंद होताना ती परत देतो. पण वीज गेली किंवा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला की ती फाइल तशीच राहते. फोटोशॉप पूर्ण बंद करा आणि लोकलमधल्या टेम्प फोल्डरात फोटोशॉप टेम्प या नावाने सुरू होणाऱ्या फाइल्स शोधा. स्क्रॅचसाठी डी ड्राइव्ह दिला असेल तर त्या डी ड्राइव्हच्या वरच्याच पातळीवर मिळतील. ३०-४० जीबीची एकच फाइल सापडणे नवलाचे नाही. फोटोशॉप चालू असताना एडिट मेनूतले पर्ज ऑल वापरलेत तर अनडूचा सगळा इतिहास जातो, तेव्हा आधी सेव्ह करा. फोटोशॉपमध्ये रॉ फोटो उघडणाऱ्या कॅमेरा रॉचा कॅशे मात्र त्याच्या प्रेफरन्सेसमधल्या पर्ज कॅशेने काढायचा.

व्हिडिओ जोडणाऱ्यांसाठी: प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेस, मीडिया कॅशे, डिलीट. आफ्टर इफेक्ट्समध्ये एडिट, पर्ज, ऑल मेमरी अँड डिस्क कॅशे. दाविंची रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूतले डिलीट रेंडर कॅशे.

लाइटरूम क्लासिक या फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये जपून. कॅटलॉगच्या शेजारी प्रीव्ह्यूज नावाचा एलआरडेटा असतो, तो लाइटरूम बंद करून उडवला तरी पुन्हा तयार होतो. मूळ फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील तर मात्र ती जोडेपर्यंत होणार नाही. त्याच्याच बाजूची एलआरकॅट फाइल म्हणजे खुद्द कॅटलॉग: तुम्ही केलेले सगळे रंगकाम, सगळे तारे, सगळी निवड. ती कॅशे नव्हे.

ब्राउझर आणि लिनक्स

एखाद्या साइटवर जुनेच चित्र दिसत असेल तर पूर्ण कॅशे उडवायची गरज नाही, त्या पानावर कंट्रोल आणि एफ५ दाबा. तेवढ्याने भागले नाही तर कंट्रोल, शिफ्ट, डिलीट. कालावधी ऑल टाइम करा आणि क्रोममध्ये फक्त कॅश्ड इमेजेस अँड फाइल्सवर खूण ठेवा. कुकीजवर खूण राहिली तर सगळ्या साइट्सवरून लॉगआउट व्हाल, आणि पासवर्ड आठवत बसावे लागेल ते वेगळेच.

लिनक्सवर थंबनेल घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या कॅशे फोल्डरात, थंबनेल्स नावाखाली असतात: नॉर्मल १२८ पिक्सेलचे, लार्ज २५६ चे. एएमडी किंवा इंटेलच्या ग्राफिक्ससाठी लिनक्सवर चालणाऱ्या मेसा या ड्रायव्हरचा शेडर कॅशेही त्याच लपलेल्या फोल्डरात असतो. थंबनेल्समध्ये फेल नावाचा एक फोल्डर दिसेल. ज्या फाइलचे चित्र एकदा बनले नाही तिची नोंद तिथे होते आणि पुन्हा प्रयत्न केला जात नाही. व्हिडिओचे थंबनेल बनवणारा प्रोग्रॅम आज टाकलात आणि जुने व्हिडिओ तरीही कोरेच दिसत असतील, तर एवढा फेल फोल्डर रिकामा करा, बाकीचे राहू द्या.